चिठ्ठीतली जांभई

“आ कर,” मालक म्हणला.

रांगेत माझ्या पुढं सहा बाया होत्या. सगळ्यांनी चूळ भरून दगडावर थुंकलं आन् बाजूला झाल्या. मीबी चूळ भरली, थुंकले. मालकानं दगडावर बॅटरी मारली. पाणी नितळ होतं. तरी म्हणला, “आ कर.”

हे शेंगा फोडायचं शेड. बियाण्याच्या भुईमुगाच्या शेंगा. मशीनमधून काढल्या तर दाण्याचं लाल साल निघतं, दाणा दुभंगतो, मंग तो उगवत न्हाई. म्हून पेरणीच्या आधी गावातल्या बाया बसवायच्या आन् बोटांनी फोडून घ्यायच्या. दिवसभर दाणे मांडीपुढं, पोटात सकाळची अर्धी भाकर. खावंसं वाटणारच की. ते मालकाला बराबर म्हाईत होतं. म्हून त्याच्या बापाच्या काळापासून शेडात दोन कायदे. एक, हात चालू तोवर तोंडात गाणं चालू. ओव्या म्हणा, भजन म्हणा, पण तोंड रिकामं हाय हे बाहेर खुर्चीवर ऐकू आलं पाहिजे. दुसरा, निघताना सगळ्यांसमोर चूळ भरून दगडावर थुंकायचं. पाणी पांढरं निघालं की दिवसाची मजुरी गेली. बायांनी आपल्या मेलेल्या आयांच्या, दूर दिलेल्या लेकींच्या ओव्या तिथं म्हणल्या, कशासाठी, तर आम्ही चोर न्हाईत हे दाखवायला.

मला गाणं जमायचं न्हाई. माझा जबडा लहानपणापासून वाकडा. तोंड दोन बोटांच्या वर उघडायचं न्हाई. उघडलं की खालचा जबडा डावीकडं सरकायचा आन् उजव्या कानापाशी खटका वाजायचा. कट. शेजारच्या बाईला ऐकू जाईल एवढा. गावात मला कुणी नावानं हाक मारली न्हाई. खटकी म्हणायचे. चौथीत असताना मास्तरनं हजेरी घेताना तेच नाव घेतलं. सगळा वर्ग हसला. मीबी हसले, तवा खटका वाजला, मंग अजूनच हसले. पाचवीला मी शाळा सोडली. घरचे म्हणतात मेंढरांसाठी सोडली. मेंढरं तवा विकून झाल्ती. मी त्या हसण्यापायी सोडली.

त्या दिवशी मी सतरा वर्षांची होते, थंडीतल्या पेरणीचं बियाणं चालू होतं. गावात टेलिफोनचा बूथ नुकताच आल्ता, मालकाच्याच भावाचा. मी बायांच्या ओवीत आवाज मिसळून राह्यल्ते, जेवढं तोंड हलतं तेवढं. खटका वाजून राह्यल्ता. मालकानं बाहेर खुर्चीत बसून तो ऐकला. त्याला वाटलं, दाताखाली दाणा फुटून राह्यला. शेजारी त्याचा व्याही बसल्ता, जालन्याहून आलेला, हातात चहाची बशी. व्याह्यासमोर त्याला चोर धरायचा होता.

मी आ केलं. दोन बोटं. जबडा डावीकडं गेला. कट.

“ऐकलं का?” तो व्याह्याला म्हणला. मंग माझ्याकडं वळला. “मला वेडावती का गं? सरळ उघड.”

“एवढंच उघडतं, मालक.”

“गालात दाणे दाबले म्हून एवढंच उघडतं.”

माझ्या मागं माझी माय उभी होती. ती म्हणली, “मालक, तिचं तोंडच तसं हाय.” त्यानं तिच्याकडं नुसतं बघितलं. माय एक पाऊल मागं सरली.

तो उठला. डाव्या हातानं माझा आंबाडा धरला आन् डोकं मागं ओढलं. उजव्या हाताचा अंगठा माझ्या तोंडात घातला. अंगठ्याला तंबाखूचा वास होता, चव होती. खालच्या दातांवर अंगठा आन् हनुवटीखाली बाकीची बोटं, आन् बैलाचं तोंड उघडतात तसं त्यानं खाली ओढलं. मी मानेनं न्हाई न्हाई केलं. त्यानं अजून ओढलं. उजव्या कानात काहीतरी फुटलं. मला वाटलं कानच फुटला. डोळ्यापुढं पांढरं झालं.

तोंड उघडलं. मालकानं बॅटरी मारली. जिभेखाली बघितलं, दोन्ही गालांत बोट फिरवलं. मंग व्याह्याला म्हणला, “न्हाई बा काही.” त्याचा चेहरा पडल्ता. चोर निघाला न्हाई याचं त्याला वाईट वाटलं.

“मिट आता,” तो म्हणला.

मला मिटता येईना.

“मिट म्हणलं ना.”

मी जोर लावला. हनुवटी डावीकडं जाऊन आडकल्ती, वरचे दात कुठं, खालचे कुठं. घशातून आवाज निघाला तो माझा मलाच ओळखू आला न्हाई. त्यानं थोबाडीत मारली. तरी मिटलं न्हाई. दुसरी मारली, खालून वर, हनुवटीवर. मी खाली पडले. लाळ गळायला लागली, ती थांबेना. व्याही बशी खाली ठिवून म्हणला, “माशी जाईल की आत.” आन् हसला. मालकबी हसला. रांगेतल्या दोघी-तिघी बायाबी हसल्या, मालक हसला म्हून. मी खालून सगळ्यांची तोंडं बघत होते, सगळ्यांची मिटत होती, उघडत होती.

तेवढ्यात कुणीतरी म्हणलं, आंगात आलं. झालं. मालकीण घरातून हळदी-कुंकवाची ताटली घेऊन पळत आली. माझ्या कपाळाला कुंकू लावलं, लिंबू उतरून टाकलं आन् हात जोडून म्हणली, “काय चुकलं आई, सांग.” ज्या तोंडात तिच्या नवऱ्यानं अंगठा घातला त्या तोंडापुढं ती हात जोडून उभी. मी सांगून राह्यल्ते. तिला नुसता घोगरा आवाज ऐकू येत होता. ती अजून वाकली.

गयाबाई म्हातारी शेडात सगळ्यांत जुनी. तिनं मालकिणीला बाजूला सारलं आन् माझ्या कानापाशी बोट लावून बघितलं. “देवी न्हाई न् काही न्हाई. जबडा निखळला पोरीचा.” आपल्या डोक्याचं फडकं काढून तिनं माझी हनुवटी डोक्याला बांधली. मालकाच्या दारात जीप उभी होती. कुणी जीप काढा म्हणलं न्हाई, आन् त्यानं काढली न्हाई.

सकाळच्या पहिल्या एसटीनं बदनापूर, तिथून रेल्वेनं जालना. मायनं माझं तोंड पदरानं झाकल्तं. पदर लाळेनं ओला झाला की दुसरा भाग ओढायची. डब्यात एक माणूस पोरगं मांडीवर घेऊन बसल्ता. त्यानं माझ्याकडं बघितलं आन् पोराला घेऊन उठला. “पिसाळलेलं कुत्रं चावलंय वाटतं,” म्हणला. आमच्या बाकावर मंग जालन्यापर्यंत कुणी बसलं न्हाई. माय खिडकीबाहेर बघत होती.

सरकारी दवाखान्यात दातांचे डॉक्टर होते. तरणा माणूस, अंगात खाकी रंगाचा स्वेटर. त्यांनी मला लाकडी खुर्चीवर बसवलं, पाठ भिंतीला टेकवली, फडकं सोडलं. मी डोळे मिटून घेतले. मला वाटलं आता हाबी अंगठा घालणार.

“तुझ्या तोंडात हात घालू का?” ते म्हणले.

मी डोळे उघडले. ते हात पुढं करून थांबल्ते. खरंच थांबल्ते. माझ्या उत्तराची वाट बघत होते. सतरा वर्षांत माझ्या तोंडाला हात लावायच्या आधी मला कुणी विचारलं न्हव्हतं. मास्तरनं न्हाई, मालकानं न्हाई, मायनंबी न्हाई. मी मान हलवली, तवा मला रडू फुटलं. जबडा निखळला तवा आलं न्हव्हतं एवढं आलं. डॉक्टरला वाटलं दुखतंय.

त्यांनी आपल्या दोन्ही अंगठ्यांना पट्टी गुंडाळली, चांगली जाड. मायनं विचारलं, “पट्टी कशाला?”

“जबडा जागेवर बसला की दात खटकन मिटतात, बाई. मधे उघडा अंगठा असला तर माझा अंगठा जाईल. जबड्यात लई ताकद असते.”

मंग त्यांनी दोन्ही अंगठे मागच्या दाढांवर ठिवले, खाली दाबलं, मागं लोटलं. उजव्या कानात गड्डकन झालं आन् दात मिटले. पट्टीवर माझ्या दातांचे खड्डे उमटले. ते त्यांनी मला दाखवले आन् हसले. मी ते खड्डे लई वेळ बघत बसले. माझ्या तोंडात एवढं काही असेल हे मला म्हाईत न्हव्हतं.

नंतर जबड्याच्या हाडाचा फोटो काढला. डॉक्टरनं तो उजेडाला धरला आन् मायला समजावून सांगितलं. कानाच्या पुढं दोन्हीकडं जबड्याचे सांधे असतात, दाराला दोन बिजागऱ्या असतात तसे. माझं डावीकडचं हाड लहानपणी मोडून वाकडं जुळलंय. ती बाजू उघडतच न्हाई, म्हून जबडा डावीकडं जातो. सगळा भार उजवीकडं येतो. उजव्या सांध्यात एक छोटी गादी असते, ती जागेवरून सरकते, तोच खटका. त्यात न लाज न पाप, सांध्याचा आवाज हाय तो.

“लहानपणी हनुवटीवर मार लागला होता का?” त्यांनी विचारलं. “मार हनुवटीवर बसतो, मोडतं कानाजवळ.”

“बैलगाडीवरून पडली,” माय म्हणली. हे मला लहानपणापासून सांगितलेलं होतं.

“आणि काल काय झालं? हे आपोआप नाही झालं. कुणी ओढलं का?”

मी हनुवटी धरून मायकडं बघितलं. मला बोलायचं होतं. जबडा सुजून घट्ट झाल्ता, वरून त्यांनी पट्टी आवळली होती. माय म्हणली, “जांभई दिली जी. मोठी जांभई दिली, तवा झालं.”

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. मी हात हलवून न्हाई म्हणले. माय मधे उभी राह्यली. त्यांनी चिठ्ठीत मराठीत लिहिलं. मला वाचता येत होतं. खालच्या ओळीत लिहिलं होतं, जांभई देताना उजवा जबडा निखळला.

मी जांभई दिली. मालकाचा अंगठा, बॅटरी, दोन थोबाडीत, व्याह्याची माशी, ते सगळं कागदावर जांभई झालं. माणसं म्हणतात तोंड दाबून बुक्क्याचा मार. आमच्यात तोंड उघडून मारतात आन् वरून झोप आल्ती म्हून लिहितात.

पंधरा दिवस पट्टी होती. पातळ आंबील, डाळीचं पाणी. जांभई आली की हनुवटीखाली तळहात लावायचा, खालून आधार द्यायचा, असं डॉक्टरनं मायला दाखवल्तं. माय बराबर ते करायची. मी तिचा हात झटकायचे. एक दिवस ती चमच्यानं आंबील पाजून राह्यल्ती, मी चमच्याला फटका मारला. आंबील तिच्या अंगावर सांडली. मी दात न उघडता म्हणले, “जांभई का म्हणली?”

तिनं पदरानं अंग पुसलं. मंग म्हणली, “बैलगाडीबी खोटी हाय.”

तिनं सांगितलं ते असं. मी चार वर्षांची होते. ती शेडात शेंगा फोडायची, मी शेजारी खेळायचे. मी एक मूठ दाणे उचलून तोंडात टाकले. तवा ह्या मालकाचा बाप खुर्चीत बसायचा. तो काठी घेऊन उठला आन् म्हणला, “तुझ्या पोरीचं तोंड तू सांभाळती का मी सांभाळू?” मायला वाटलं हा मारील तर पोरगी उठणार न्हाई. तिच्या हाताशी रिकामी पोती बडवायचं धोपाटणं पडल्तं. तिनं तेच उचललं आन् माझ्या हनुवटीवर हाणलं. आधी आपण मारलं म्हंजी तो मारणार न्हाई, एवढंच तिच्या डोक्यात. माझ्या तोंडातून रक्त आन् दाणे एकदमच बाहेर आले. म्हातारा मालक म्हणला, “आता बराबर.” खूश होऊन त्यानं मूठभर दाणे माझ्या ओच्यात टाकले.

“मंग?” मी विचारलं.

“मंग काय. तुला चावता कुठं येत होतं.”

ती रडली न्हाई. मीबी न्हाई. मला तिचा एवढा राग आला की मी आठ दिवस तिच्याशी बोलले न्हाई. तिच्या हाताची आंबील घेतली न्हाई. झोपेत मी तिला त्याच धोपाटण्यानं मारायचे. हे खरं हाय, आन् खरं तेच सांगून राह्यले. मंग हळूहळू कळायला लागलं, की माझ्या मायचा हातसुद्धा तिचा न्हव्हता. तो खुर्चीतल्या माणसाचा होता. त्यानं काठी उचललीबी न्हाई आन् माझा जबडा मोडला. त्याच्या पोरानं नंतर निखळवला. दोन पिढ्या त्यांनी माझ्या तोंडावर राखण केली, आन् खाल्ले किती मी, तर एक मूठ, तेबी बाहेर आले.

मृगाच्या पेरणीच्या आधी मालकानं पुन्हा निरोप धाडला. सगळ्या बाया पाहिजेत. माझ्यासाठी वेगळा निरोप होता, “खटकीला म्हणावं ये, पण तोंड वाजवू नको.” माय म्हणली, तू जाऊ नको, मी जाते. मी म्हणले, मी येणार. तिला वाटलं मजुरीसाठी. मजुरी गेली उडत. मला त्या दगडापुढं उभं राहायचं होतं.

दिवसभर मी शेंगा फोडल्या. गाणं म्हणलं न्हाई. खटका वाजला तसा वाजू दिला. संध्याकाळी उन्हं शेडात तिरपी आल्ती तवा रांग लागली. बायांनी चुळा भरल्या, थुंकल्या. गयाबाईची चूळ मिसरीनं काळी निघाली, तिला शिवी बसली. मंग माझी पाळी आली. तांब्या पुढं आला. मी तो घेतला न्हाई.

“मी थुंकणार न्हाई,” मी म्हणले.

मालकाला वाटलं मी विसरले. “चूळ भर.”

“न्हाई.”

“मंग आ कर.”

“न्हाई करणार.”

तो उठला. त्याला घाई न्हव्हती. बॅटरी डाव्या हातात घेतली, माझ्याजवळ आला आन् म्हणला, “मागच्या वेळी एकाच बाजूचा निखळला, रांडे. या वेळी दोन्ही.” आन् त्यानं अंगठा माझ्या तोंडात घातला.

त्याच्या अंगठ्याला पट्टी न्हव्हती.

मी दात मिटले. जेवढे मिटले तेवढे मिटले. जबडा वाकडा, म्हून समोरचे दात जुळत न्हाईत माझे, पण उजव्या दाढा जुळतात. मी अंगठा जिभेनं दाढेखाली लोटला आन् मिटले. तो ओरडला. त्यानं हात ओढला, मी सोडला न्हाई. त्यानं बॅटरीनं माझ्या डोक्यात मारलं. एक. दोन. काच फुटली, कपाळावरून रक्त डोळ्यात आलं. उजव्या कानात आग लागल्ती, सांधा सुटून राह्यल्ता, मला कळत होतं. अजून थोडं आन् तो सुटला असता, मंग तोंड उघडलं असतं आन् मी पुन्हा खाली पडले असते, लाळ गाळत. मला मरणाची भीती वाटली न्हाई. तोंड उघडंल याची वाटली.

“हिला आवर,” तो मायवर ओरडला. “आवर तुझ्या पोरीला.”

माय पुढं आली. धोपाटणं तिथंच भिंतीला टेकलेलं होतं, ते तिनं बघितलं, मीबी बघितलं. मंग ती माझ्यापाशी आली आन् तिनं माझ्या हनुवटीखाली तळहात लावला. डॉक्टरनं दाखवल्तं तसा. खालून वर. पक्का. दुसरा हात माझ्या डोक्याच्या मागं लावला. सांधा जागेवर बसला आन् दात अजून आत गेले. हाडाला लागले. तोंडात रक्त आलं. ते कसं लागलं ते मी सांगणार न्हाई, पण मला ओकारी आली न्हाई एवढं सांगते.

त्याच्या भावानं येऊन आम्हा दोघींना लाथा घालून सोडवलं. अंगठा पेरापासून लोंबत होता. बाया भिंतीला चिकटून उभ्या होत्या. एकीनंबी आम्हाला हात दिला न्हाई, आन् एकीनंबी त्याला दिला न्हाई.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर माणसं जमली. सरपंच म्हणले, पोरीनं मालकाच्या पायावर डोकं ठिवावं, माफी मागावी, गावातलं गावात मिटवून टाकू. मालक हाताला भलंमोठं बँडेज बांधून बसल्ता. त्याचा भाऊ म्हणला, “ही आधीपासून येडी हाय. मागं जांभई देऊन जबडा निखळवला, दवाखान्याची चिठ्ठी हाय.” चिठ्ठी त्यांना म्हाईत होती. कुणी सांगितली, तर मायनंच, तवा, भिऊन, मालकाला सांगितल्ती की तुमचं नाव लिहिलं न्हाई.

माय उभी राह्यली. बायामाणसानं पारासमोर उभं राहून बोलायची आमच्यात चाल न्हव्हती. “जांभई न्हव्हती,” ती म्हणली. “जांभई मी सांगितली. खोटं सांगितली. यानं अंगठा घालून तिचा जबडा ओढला, मी डोळ्यानं बघितलं. आन् ती चार वर्षांची होती तवा मी मोडला, याच्या बापाच्या भेवानं. घ्या लिहून. मलाबी घाला आत.”

सरपंच म्हणले, “बाई, बस खाली.”

ती बसली न्हाई. मी माफी मागितली न्हाई. आम्ही दोघी चालत हमरस्त्याला लागलो आन् पोलीस ठाण्यात गेलो. तिथं हवालदारानं सगळं ऐकून घेतलं. आमच्या आधी मालकाचा भाऊ येऊन गेल्ता, ते त्याच्या बोलण्यातून कळत होतं. पेन कानाला लावून तो म्हणला, “काय जबडा जबडा लावलंय. बघू, आ कर.”

त्याला काही वाईट वाटत न्हव्हतं. सहज म्हणला. सगळेच सहज म्हणतात.

“मी आ करणार न्हाई,” मी म्हणले. “दवाखान्यात फोटो हाय हाडाचा. डॉक्टरला विचारा. मी तोंडानं सांगून राह्यले ते लिहा.”

त्यानं लिहायला दोन तास लावले, पण लिहिलं. मी वाचून मंगच सही केली. जांभई कुठंच न्हव्हती.

केस जालन्याच्या कोर्टात पाच वर्षं चालली. आम्ही गाव सोडून जुन्या जालन्यात आलो, मस्तगडाकडं एक खोली घेतली, दोघी धान्याच्या दुकानात निवडायच्या कामाला लागलो. दर तारखेला गेलो. मला दंड झाला, चावल्याचा. मालकाला समज देऊन सोडलं. शेडातले दोन्ही कायदे त्यानंतरबी दोन-तीन हंगाम चालूच होते असं गयाबाईनं सांगितलं. मंग बियाणं तयार थैलीत यायला लागलं आन् शेडच बंद पडलं. आमच्यामुळं बंद झालं असं मी म्हणणार न्हाई. खोटं कशाला बोलू.

जबडा सरळ झाला न्हाई. डॉक्टर म्हणले, आता ऑपरेशन करून हाड कापावं लागंल, औरंगाबादला जावं लागंल, तरी खटका जाईलच असं न्हाई. मी न्हाई म्हणले. थंडीत कान ठणकतो. भाकर कुस्करून खाते. रागानं बोलले की जबडा डावीकडं जातो आन् समोरचा हसतो, त्याला वाटतं मी वेडावून दाखवून राह्यले. हसू दे. मी बोलणं थांबवत न्हाई, त्याचं हसणं थांबंपर्यंत बोलते. माय आता थकली. तिला मी माफ केलं का, असं एका बाईनं विचारलं. मी म्हणले, मायला माफ करायची घाई न्हाई मला. ज्यानं तिच्याकडून ते करून घेतलं त्याचं आधी बघायचं हाय.

दुकानात पहिल्याच दिवशी मुनीम दारात उभा होता. बायांचे पदर झटकून राह्यल्ता, डाळीचा दाणा बाहेर जाऊ नये म्हून. माझ्यापाशी आला. माझ्या तोंडाकडं बघून म्हणला, “ह्या गालात काय हाय गं?” आन् हात पुढं केला.

मी हलले न्हाई. त्याच्या डोळ्यात बघत राह्यले. हात थांबला.

तवापासून माझ्या तोंडाला कुणाचा हात लागला न्हाई, आन् लागणार न्हाई. घास घालायचा तर मी घालीन. बोलायचं तर मी बोलीन. मिटायचं तर मी मिटीन. ह्या तोंडात काय हाय हे ज्याला हात घालून बघायचंय, त्यानं आधी आपली बोटं मोजून घ्यावी.